थोरलीने कापलेला तंबू

थोरलीने आयुष्यात माणसं बरीच तोडली, पण कापड कधी वाया घालवलं नाही. हे दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही. ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ असायची. तंबूच्या कारखान्यात कापायचं टेबल तिचं होतं. कारखाना म्हणजे काय, तर घरामागची लांबट खोली, दोन मशीनं, छताला टांगलेली दोरांची वेटोळी आणि मेण लावलेल्या जाड कापडाचा तो डोक्यात जाणारा वास. सहलीवाले, रस्त्याच्या कामावरचे मुकादम, शिबिरं भरवणाऱ्या शाळा, असे सगळे तिथून तंबू न्यायचे. थोरली कापायची आणि तिची जाऊ, म्हणजे धाकटी, शिवायची. धंदा सासऱ्यांनी उभा केलेला. आता त्यांचे हात थरथरायचे, त्यामुळे ते खिडकीशी बसून तयार शिवणींवरून बोट फिरवायचे आणि उरलेल्या वेळात दोन सुनांचे निरोप पोचवायचे.

निरोप पोचवायचे, कारण त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. टेबल आणि मशीन यांच्यात अंतर किती, तर हात लांब केला तर कातर हातात देता येईल एवढं. तरीही थोरली म्हणणार, "बाबा, तिला सांगा, सुई बदल म्हणावं." धाकटी म्हणणार, "बाबा, त्यांना सांगा, कालच बदलली." बाबांना ऐकू कमी यायचं, म्हणून निरोप ओरडून द्यावा लागे. म्हणजे जिला सांगायचं तिला तो आधीच ऐकू गेलेला असे. पण बाबांनी आपल्या तोंडाने पुन्हा सांगेपर्यंत ती ढिम्म बसून राहायची. घरात पाहुणा आला की त्याची करमणूक व्हायची. घरच्यांना मात्र या सगळ्याचा वीट आला होता.

यामागचं कारण जुनं होतं. एक मुकादम फाटका तंबू घेऊन आला आणि त्याने तो दारातच आपटला. छताची मधली शिवण उसवून दोन पाखं वेगळी झाली होती आणि त्याची सहा माणसं रात्रभर पावसात भिजली होती. खोलीत गिऱ्हाइकं होती, शेजारचा सुतार होता, बाबा होते. त्या सगळ्यांच्या देखत थोरली म्हणाली, "काप माझा आहे, तो चुकत नाही. शिवणारीच्याच हातात जीव नाही त्याला मी काय करू?" धाकटीने मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी कामावर आली, पण थोरलीसाठी तिचं तोंड त्या दिवसापासून बंद झालं ते झालंच. थोरली म्हणाली, बरं झालं, तेवढीच शांतता.

आता थोरलीची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ती नुसतीच कजाग वाटेल. कजाग ती होतीच. गल्लीतली पोरं तिला उगीच 'कातर' म्हणत नव्हती. पण माहेरी ती तिसरी मुलगी. बापाचं पावाचं दुकान, भावांना गल्ला आणि मुलींना झाडू. तिच्याकडे मान वर करून कुणी बघितलं म्हणून नव्हतं. लग्न होऊन इथे आली, तेव्हा सासऱ्यांनी सहज म्हणून तिच्या हातात मोठी कातर दिली. तिने खडूची रेघ न मारता, नुसत्या नजरेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड कापलं. सासऱ्यांनी ते उचलून उजेडात धरलं आणि आतल्या माणसांना हाका मारून दाखवलं. "बघा रे, बघा, पोरीची नजर बघा!" एवढंच. पण आयुष्यात कुणी तिच्यासाठी चारचौघांना हाक मारून बोलावलं, ते तेव्हा. त्या दिवशी टेबल तिचं झालं. पुढे मूल झालं नाही, नवरा मिळाला तो देवमाणूस पण अबोल, मालाची गाडी चालवणारा, दोन बायकांच्या भांडणात पडायचं नाही हे एकच शहाणपण शिकलेला. थोरलीला आपलं म्हणावं असं ते टेबलच काय ते होतं.

कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला एक लांब फळी टांगलेली असायची. ती बरोबर छताच्या पाख्याच्या रुंदीची होती, शिवणीत दुमडायला सोडायची माया धरून. ती कापडावर ठेवायची आणि कडेकडेने कातर चालवायची, म्हणजे आंधळ्यालाही चुकता येणार नाही. थोरलीने त्या फळीला कधी हात लावला नव्हता. "फळी लागते ती शिकाऊला," ती म्हणायची. काही वर्षांपासून तिला जवळचं जरा धूसर दिसे, दिवा लावला तरी कडा हलल्यासारखी वाटे. पण चष्मा लावून कापायला बसायचं म्हणजे धाकटीच्या डोळ्यांसमोर हार मानल्यासारखं. चष्मा कपाटात पडून होता.

आणि मग एका संध्याकाळी तिने खिडकीबाहेरून ऐकलं. बाबा तिच्या नवऱ्याला सांगत होते, "या हंगामापासून टेबल धाकटीकडे द्यावं म्हणतो. थोरलीने आता जरा बसावं." नवऱ्याने नेहमीप्रमाणे हूं म्हटलं. थोरली खिडकीपासून मागे सरली. एवढी वर्षं हाडं झिजवली ती याच्यासाठी? बसावं म्हणे! जिच्या हातात जीव नाही तिला टेबल, आणि मी काय आता तुमच्या खिडकीत बसून निरोप पोचवू? ती थोडा वेळ अंगणातच उभी राहिली, आणि घरात गेली तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं.

या कारखान्याची एक रीत होती. हंगामाचा पहिला तंबू विकायचा नाही. जिने कापला आणि जिने शिवला त्यांनी तो जंगलात नेऊन ठोकायचा, पूर्ण ताणायचा, सकाळपासून त्यात राहायचं. संध्याकाळी बाबा येऊन प्रत्येक शिवण तपासणार आणि मगच बाकीचे तंबू बाजारात जाणार. आपण शिवलेल्या छपराखाली आधी आपण राहून बघावं, असं बाबांचं म्हणणं.

थोरलीने त्या पहिल्या तंबूचं छत कापलं ते खोलीत कुणी नसताना. आयुष्यात पहिल्यांदाच तिने भिंतीवरची फळी काढली. कापडावर ठेवली आणि बोटभर आत सरकवली. तिला चूक करायची नव्हती. चूक कुठेतरी जास्त, कुठेतरी कमी होते आणि शिवताना दिसून येते. तिला हवी होती सगळीकडे सारखी बोटभर कमी माया. शिवण बसेल, वरून छान दिसेल आणि ताण बसला की मधोमध उसवेल. बाबा बघतील, शिवण गेली आहे. मग बघू टेबल कुणाला देता ते. फळी परत खिळ्याला टांगून, कापलेलं छत घडी करून तिने धाकटीच्या मशीनवर ठेवलं आणि हात धुतले.

*

त्या सकाळी नवऱ्याने दोघींना जंगलाच्या कडेला सोडलं, तेव्हा धुकं इतकं होतं की गाडी वळून गेली तेही दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. वाऱ्याचं नाव नव्हतं. पानं गळून गेलेली झाडं गप्प उभी होती, फांद्यांवरून थेंब टपटपत होते, आणि थंडी अशी की मोज्यांतून वर चढत होती. दोघींनी एक अक्षर न बोलता तंबू ठोकला. हे त्यांना येत होतं. एकीने काठी धरली की दुसरी दोर ओढणार, एकीने खुंटी मारली की दुसरी पुढच्या कोपऱ्यावर. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय गोडी आहे दोघींत!

मग चहाची वेळ झाली. स्टोव्ह थोरलीकडे होता आणि काड्यापेटी धाकटीकडे. घरून निघताना काय घ्यायचं हे एकमेकींना विचारायचं कोणी? थोरली स्टोव्ह काढून त्याच्याकडे बघत बसली. धाकटीने काड्यापेटी काढून आपल्या मांडीवर ठेवली. दोघी तशाच बसल्या. शेवटी थंडीपुढे आधी धाकटी हरली. तिने काड्यापेटी उचलून स्टोव्हच्या दिशेने अशी टाकली, जणू ती तिथे नाहीतरी पडणारच होती. पाणी उकळायला लागल्यावर कळलं की मीठ दोघींनी आणलंय, साखर दोघींनी आणलीय आणि चहापूड कुणीच आणलेली नाही. थोरली मनात म्हणाली, साधी चहापूड आणता येत नाही, आणि टेबल सांभाळणार म्हणे. धाकटी मनात काय म्हणाली ते तिलाच ठाऊक, पण फार वेगळं नसावं. दोघींनी आपापल्या कपात गरम पाणी ओतून घेतलं, साखर घातली आणि त्या पाठी एकमेकींकडे करून प्याल्या.

थोरलीचं लक्ष छताकडे होतं. शिवण कधी जाते? वारा असता तर दोन तासांत गेली असती. पण आज पान हलत नव्हतं. मेलं हे हवामानही धाकटीला सामील! ती उठली आणि दोर तपासण्याच्या बहाण्याने कोपऱ्याचा दोर अजून ओढला. मग दुसरा ओढला. छत ढोलासारखं ताणलं गेलं. शिवण जशीच्या तशी. तिसऱ्या कोपऱ्यावर तिने इतका जोर लावला की खुंटी उपटून आली आणि तिच्या नडगीवर बसली. ती ओरडली नाही. ओरडणं म्हणजे बोलण्यासारखंच झालं असतं. धाकटी तंबूच्या दारात बसून मोजा रफू करत होती. तिने एकदा वर बघितलं आणि पुन्हा सुई घातली.

दुपारी दोघींनी आपापला पाव आणि आपापली अंडी खाल्ली. धुकं विरळ झालं पण ऊन काही पडलं नाही. थोरलीच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, नडगी ठणकत होती, आणि शिवण मात्र नव्या नवरीसारखी तोऱ्यात होती. कसं शक्य आहे? एवढ्याशा मायेवर एवढा ताण सहनच होत नाही. धाकटी डबा घेऊन ओढ्यावर पाणी आणायला गेली, तशी थोरली तंबूत शिरली, वळकटीवर चढून उभी राहिली आणि छताच्या आतल्या बाजूने शिवणीवरून बोट फिरवलं.

बोटाला काहीतरी जाड लागलं. तिने मान मागे टाकून, डोळे बारीक करून बघितलं. शिवणीखाली एक जोडपट्टी होती. त्याच कापडाची, दुहेरी, दोन्ही बाजूंनी दोन-दोन टाक्यांच्या ओळी घालून बसवलेली. वरून कुणाच्या बापालाही कळू नये अशी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

म्हणजे तिला कळलंय, थोरलीच्या मनात आलं. हिला कळलंय, आणि संध्याकाळी ही बाबांना दाखवणार. त्यांनी काय केलं बघा म्हणून. पट्टी काढून टाकली तर? टाके उसवले तर शिवण जाईल, मग कसला पुरावा? कमरेच्या पिशवीत छोटी कातर होती. तिने ती काढली, पहिल्या टाक्याखाली टोक घातलं.

"ते काढू नका. फार वेळ लागला होता."

धाकटी दारात उभी होती, डब्यातलं पाणी हिंदकळत होतं. इतक्या वर्षांनी तो आवाज सरळ आपल्याला उद्देशून ऐकल्यावर थोरलीला पहिल्यांदा कळेचना की काय करायचं. ती वळकटीवरून उतरली.

"हे... हे काय लावलंयस?"

"पट्टी. माया कमी होती."

"मग सांगायचं होतंस."

"कुणाला? बाबांना?" धाकटीने डबा खाली ठेवला. "सगळ्यांतच लावते मी. तुम्हाला काय वाटलं, फक्त यातच आहे?"

"सगळ्यांत म्हणजे?"

"मुकादमाचा तंबू आला होता ना परत, त्याच्या नंतरच्या सगळ्यांत. तुमची कातर भरकटते. मधे नाही भरकटत, कडेला भरकटते. कुठे चार बोटं माया, कुठे काहीच नाही. त्याही तंबूचं तेच झालं होतं. मी आत नेऊन उसवून बघितला."

"खोटं बोलू नकोस."

"गोदामात गेल्यावर बोट फिरवा. कुठल्याही."

थोरलीला वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी. पण हात उचलला गेला नाही, कारण तिला आठवत होतं. हलणारी कडा, दिवा जवळ ओढणं, कापून झालं की लगेच घडी घालून टाकणं, स्वतःलाच नीट दिसू नये म्हणून. तिला माहीत होतं. फार दिवसांपासून माहीत होतं, आणि तिने ते कपाटात चष्म्याशेजारी ठेवून दिलं होतं.

"मग मला तोंडावर का नाही म्हणालीस?" तिचा आवाज चिरकला. "मी तुला चारचौघांत बोलले, तू पण बोलायचंस!"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही मानलं असतंत?" धाकटीही आता चिडली होती. "आणि हे बघा, तुमच्यासाठी नाही लावत मी. तंबू फाटला की लोक शिवणीला नावं ठेवतात. काप कुणी बघत नाही. मला पुन्हा तसं ऐकून घ्यायचं नव्हतं, एवढंच." ती स्टोव्हपाशी बसली, काडी ओढली. जरा वेळाने, पाठ करूनच, म्हणाली, "या वेळी तरी बरं होतं. पट्टी सरळ बसली. बाकीच्या वेळी नागमोडी कापावी लागते, जीव जातो."

थोरलीला एकदम कळलं की धाकटीला माहीत नाही. हिला वाटतंय ही आणखी एक चूक आहे, नेहमीसारखी. इतक्या चुकांच्या ढिगात तिचं पाप कुणाला दिसणार होतं? तिची सुटका झाली होती, आणि सुटका कशाने, तर ज्या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती तिच्यामुळेच. तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती तंबूच्या भिंतीला टेकून नुसती बसून राहिली.

धाकटीने गरम पाण्याचा कप आणून तिच्या पायाशी ठेवला. आपटूनच ठेवला. पण ठेवला. साखर घातलेली होती.

"ताई, नडगीला लावा जरा. सुजली आहे," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

थोरलीने कप नडगीला लावला. ताई ही हाक घरात मुकादमाच्या त्या तंबूच्या आधी ऐकू यायची. तिने ठरवलं की संध्याकाळी बाबा आले की सांगून टाकायचं, माझे डोळे गेलेत, टेबल हिला द्या. त्या पलीकडचं सांगायची गरज नव्हती. तेवढं सांगितलं की पुरे होतं. पाणी ती थंड झाल्यावर प्याली.

*

उजेड उतरता उतरता गाडी आली. नवरा गाडीतच बसून राहिला. बाबा काठी टेकत आले, कानटोपी मागे सारली आणि काही न विचारता तंबूत शिरले. त्यांची तपासायची पद्धत ठरलेली होती, डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख शिवणीवरून ओढत न्यायचं. कोपरे झाले, दाराची पट्टी झाली. मग छत. वळकटीवर त्यांना दोघींनी दोन बाजूंनी धरून चढवलं. नख मधल्या शिवणीवर गेलं आणि जोडपट्टीवर थांबलं.

"ही पट्टी कशाला?"

धाकटी गप्प राहिली. तिने थोरलीकडे बघितलंही नाही. थोरलीला ते कळलं. ती आपल्याला जागा देते आहे. बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "बाबा, काप चुकला माझा! मला आता दिसत नाही! हिने सांभाळून घेतलं. टेबल हिला द्या!"

एवढं बोलून तिला मोकळं वाटलं. खरंच मोकळं वाटलं. धाकटीने मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता.

बाबांनी मात्र डोळे उघडले नव्हते. त्यांचं नख पट्टीच्या कडेकडेने पुढे गेलं, टोकापर्यंत गेलं, परत आलं. पुन्हा गेलं.

"दिसत नाही ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "हिच्या पट्ट्याही माहीत आहेत. रोज बोट फिरवतो मी. वाकड्यातिकड्या असतात." नख थांबलं. "ही वाकडी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी आहे. तुझ्या हातून नजरेने असं आता होत नाही. फळी लावलीस तू."

थोरलीने बाबांचा दंड सोडला.

"हे छत कापलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी फळी खिळ्यावर उलटी टांगलेली होती. मी म्हटलं, चला, थोरलीला कळलं एकदाचं. फळी घेऊन कापत असेल तर टेबल काढायचं कशाला तिच्याकडून? राहू दे." बाबांनी डोळे उघडले. "फळी लावल्यावर माप चुकत नाही गं. फळी सरकवली तरच चुकतं."

कुठेतरी एक फांदी वाजली. धाकटीने बाबांचा दंड धरलेला होता तो सोडला नाही, पण तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि थोरलीला तो बदलताना बघावा लागला.

"मुद्दाम?" धाकटीने विचारलं.

थोरली वळकटीपासून बाजूला झाली आणि दोर सोडायला बाहेर गेली.

तंबू त्यांनी अंधार पडायच्या आत उतरवला. एकीने काठी धरली, दुसरीने दोर सोडले, एकही घडी चुकली नाही. पुढच्या बाकावर नेहमी थोरली बसायची. आज बाबांच्या शेजारी धाकटी जाऊन बसली. थोरली मागे, गुंडाळलेल्या तंबूवर बसली. कमरेची छोटी कातर काढून तिने बाबांच्या हातात द्यायला पुढे केली, पण त्यांनी ती घेतली नाही, आणि ती तशीच तिच्या हातात राहिली.

नवऱ्याने गाडी सुरू केली. मागचं दार अर्धवट लागलेलं होतं आणि त्यातून गार हवा आत येत होती.

"बाबा," धाकटी समोर बघत मोठ्याने म्हणाली, "तिला सांगा, दार ओढून घे म्हणावं."

बाबांनी सांगितलं. मग थोरलीने दार ओढून घेतलं.